अज्ञेयवाद आणि परश्रद्धेचा आदर : सुरत ते पुणे

सुरतेहून बारडोलीकडे जाणारा रस्ता जेथे मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्गास छेदतो, तेथे कडोदरा वसले आहे. कापड उद्योगाच्या विस्ताराबरोबर या परिसराचे रूप पालटत गेले आणि ठिकठिकाणची माणसे येथे पोटापाण्यासाठी स्थिरावली. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून सुरतेस आलेली मराठी कुटुंबे उधना-लिंबायतपासून या औद्योगिक पट्ट्यापर्यंत पसरलेली आहेत. येताना त्यांनी आपले देव बरोबर आणले. श्रावणात कानबाई बसते, भाद्रपदात गणपती येतो, सप्तशृंगीच्या पायी यात्रेची तयारी होते. शेजारच्या खोलीत जगन्नाथाची तसबीर असते, पलीकडे छठपूजेचे सूप असते, त्याच्याही पलीकडे नमाजाची चटई असते.

अशा वस्तीत एखादा शिकलेला तरुण असा निघतो की, त्याला यांपैकी कशाचीच खात्री वाटत नाही. ईश्वर आहे असे तो छातीठोकपणे म्हणू शकत नाही आणि नाही असेही म्हणू शकत नाही. परंतु आई कानबाईपुढे हात जोडून उभी असते, आणि त्या क्षणी त्याने काय करावे, हा प्रश्न काही तत्त्वज्ञानाचा राहत नाही. तो घरातला प्रश्न होतो. तो आजचा वाटला तरी नवा नाही. मराठी समाजाने तो एकोणिसाव्या शतकात पुरेपूर अनुभवला आहे. त्या अनुभवाचा एक प्रारंभबिंदू पुण्यात वा मुंबईत नसून खुद्द सुरतेत आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या लक्षात राहिलेली नाही.

शब्दाचा अर्थ

प्रथम शब्दाविषयी. नास्तिक आणि अज्ञेयवादी यांची आपल्याकडे नेहमी गल्लत होते. नास्तिक 'ईश्वर नाही' असा निर्णय देतो. अज्ञेयवादी म्हणतो की, विश्वाचे आदिकारण मनुष्याच्या ज्ञानसाधनांच्या कक्षेत येत नाही. म्हणून त्याविषयी होकाराचा किंवा नकाराचा निर्णय देण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. इंग्रजी भाषेत या भूमिकेला स्वतंत्र नाव मिळाले ते १८६९ साली, टॉमस हक्स्ले या जीवशास्त्रज्ञाकडून. त्यापूर्वीच हर्बर्ट स्पेन्सरने १८६२ च्या आपल्या ग्रंथात 'अज्ञेया'ची मीमांसा केली होती, आणि पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांतून शिकणाऱ्या पिढीवर मिल व स्पेन्सर या दोघांचा फार मोठा पगडा बसला.

नाव परदेशातून आले असले तरी भाव येथे अपरिचित नव्हता. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाविषयी प्रश्न विचारते आणि शेवटही शंकेतच करते. बुद्धाच्या समकालीन विचारवंतांत संजय बेलट्ठिपुत्त हा परलोकाविषयी कोणतेही विधान करण्याचे टाळणारा म्हणून प्रसिद्ध आहे. जैनांचा स्याद्वाद तर प्रत्येक विधानाला 'एका अपेक्षेने' असे बंधन घालतो. तेव्हा 'मला ठाऊक नाही' असे म्हणणे हे या भूमीत पाखंड मानले गेलेच पाहिजे असे नव्हते. एकोणिसाव्या शतकात ते पाखंड ठरले, याचे कारण ईश्वरविषयक शंका नव्हे. त्या शंकेच्या पाठोपाठ जातिभेद, सोवळे-ओवळे, विधवांचे केशवपन यांविषयीचे प्रश्न आले आणि समाज बिथरला.

सुरतेतील आरंभ

दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) हे मराठी वाचकाला व्याकरणकार म्हणून परिचित आहेत. त्यांचे 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ साली प्रसिद्ध झाले. पुढे शिक्षक म्हणून त्यांची सुरतेस नेमणूक झाली. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहता या तेजस्वी गुजराती शिक्षकाशी पडली. दुर्गाराम मेहताजी, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर व दामोदरदास या मंडळींनी मिळून २२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन केली. पाचही जणांच्या नावांचे आद्याक्षर एकच असल्यामुळे लोक त्यांना पाच 'दद्दा' म्हणून ओळखू लागले. पश्चिम भारतातील धर्मसुधारणेच्या संस्थांत ही सभा अगदी आरंभीची होय, आणि तिच्या स्थापनेत एका मराठी माणसाचा व एका गुजराती माणसाचा बरोबरीचा वाटा होता, ही गोष्ट सुरतेच्या मराठी रहिवाशांनी अभिमानाने सांगावी अशी आहे.

ही मंडळी अज्ञेयवादी नव्हती, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. ईश्वर एक आहे, मनुष्यजात एक आहे, म्हणून सर्व मानवांचा धर्मही एकच असला पाहिजे आणि माणसाची योग्यता जन्मावरून न ठरवता गुणांवरून ठरवली पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. तथापि त्यांनी एक गोष्ट अशी केली की, जिच्यावाचून पुढचा अज्ञेयवाद संभवला नसता: धर्माच्या बाबतीतील विधानाला पुरावा मागण्याची प्रथा त्यांनी चारचौघांत सुरू केली. मंत्राने भूत उतरवतो, जादूने इष्ट साधून देतो असे म्हणणाऱ्यांना दुर्गारामांनी उघड आव्हान दिले की, ते सर्वांसमक्ष करून दाखवावे. येथे त्यांनी कोणाच्या देव्हाऱ्यावर हात टाकला नाही. भोळ्या माणसाला फसवून जो पैसा उकळतो त्याच्याकडे त्यांनी पुरावा मागितला. श्रद्धा आणि श्रद्धेचा व्यापार यांतील हा भेद पुढे फार महत्त्वाचा ठरला.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईस गेले. काही वर्षांनी दुर्गारामही सुरत सोडून गेले आणि सभा विस्कळीत झाली. मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने १८४९ साली परमहंस सभा स्थापन झाली. येथे मात्र एक निराळाच प्रसंग उभा राहिला. सभेचे सभासद जातिभेद मानीत नसत. सभेत प्रवेश करताना निषिद्ध मानलेल्या हातचे अन्नपाणी घेऊन ते आपले धैर्य सिद्ध करीत. परंतु हे सर्व बंद दाराआड चाले. बाहेर तेच सभासद जातीचे सर्व नियम पाळताना दिसत. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली, शहरात खळबळ उडाली आणि सभेचा अंत झाला.

या गुप्ततेला भीती म्हणावे की आप्तांच्या भावनांची कदर म्हणावे? दोन्ही अंश तिच्यात असले पाहिजेत. वृद्ध आईबापांना दुखवू नये असे खरोखरच वाटणारे काही जण त्यांत असतील. पण लपवून ठेवलेल्या मताचा आदराशी संबंध जोडता येत नाही. आदर करणारा समोर उभा राहतो. त्याचे मत वेगळे आहे हे दुसऱ्यास ठाऊक असते आणि तरीही तो दुसऱ्याला मान देतो. परमहंस सभेला हे साधले नाही. ते साधण्यास महाराष्ट्राला आणखी एक पिढी वाट पाहावी लागली.

आगरकरांची भूमिका

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू या गावी झाला. दारिद्र्याशी झगडत त्यांनी डेक्कन कॉलेजातून एम. ए. पर्यंतचे शिक्षण पूर्ण केले. विष्णुशास्त्री चिपळूणकर व टिळक यांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते दाखल झाले, १८८१ मध्ये निघालेल्या 'केसरी'चे पहिले संपादक झाले, कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर एकशेएक दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावर मतभेद तीव्र झाले, १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचे 'सुधारक' हे पत्र काढले. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, दम्याने जर्जर झालेल्या त्यांच्या देहाची अखेर झाली. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी मराठी विचाराला जे वळण दिले, त्याला तोड नाही.

न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर प्रभृती सुधारक शास्त्राचा आधार शोधून सुधारणेचा पुरस्कार करीत. त्यांची ईश्वरावर दृढ श्रद्धा होती व प्रार्थना समाज हे त्या श्रद्धेचे स्थान होते. आगरकरांनी हा आधारच नाकारला. एखादी रूढी न्याय्य आहे की नाही हे पोथीत पाहून ठरत नाही. तिने मनुष्याच्या सुखात भर पडते की दुःखात, एवढेच पाहावयाचे असते, अशी त्यांची निःसंदिग्ध भूमिका होती. नीतीला ईश्वराच्या आज्ञेचे अधिष्ठान लागत नाही, समाजात राहणाऱ्या विवेकी मनुष्याला ती स्वतःच्या बुद्धीने सापडू शकते, असे ते मानीत. 'देवतोत्पत्ति' या निबंधात त्यांनी देवतांच्या कल्पना मनुष्याच्या भयातून, अज्ञानातून व कल्पनाशक्तीतून कशा उद्भवल्या असाव्यात, याची चिकित्सा केली. विश्वाच्या आदिकारणापाशी मात्र ते थांबतात. तेथे ते 'आहे' असेही म्हणत नाहीत, 'नाही' असेही म्हणत नाहीत. हे थांबणे पुष्कळांना दुबळेपणाचे वाटते. वास्तविक ज्याने आयुष्यभर पुराव्यावाचून कोणतेही विधान स्वीकारले नाही, त्याने पुराव्यावाचून नकारही स्वीकारू नये, हेच तर्काला धरून आहे.

समाजाने याची किंमत पुरेपूर वसूल केली. पुण्यातील सनातनी मंडळींनी आगरकरांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली. या कथेत आगरकरांचे धैर्य नेहमी सांगितले जाते. पण त्यांच्या घरात आणखी एक व्यक्ती होती. तिचे धैर्य कोणी मोजीत नाही.

यशोदाबाईंचे व्रत

आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या. जुन्या वळणाच्या ब्राह्मण घरातून आलेली, तत्कालीन रीतीप्रमाणे लहान वयात विवाह झालेली ही स्त्री. तिच्यासाठी देवपूजा, व्रतवैकल्ये, सणवार म्हणजे जगण्याची चौकटच होती. पती 'सुधारका'तून सोवळ्याची चिकित्सा करीत होते आणि त्याच घरात पत्नीची व्रते चालू होती. यशोदाबाईंच्या आठवणींवरून व चरित्रकारांच्या लेखनावरून एवढे निश्चित दिसते की, आगरकरांनी पत्नीच्या धर्माचरणात कधी अडथळा आणला नाही आणि आपली मते तिच्यावर लादली नाहीत.

टीकाकारांना ही विसंगती वाटली, आजही काहींना वाटते. जो माणूस साऱ्या महाराष्ट्राला बुद्धिप्रामाण्य शिकवावयास निघाला, त्याला स्वतःच्या घरात ते रुजवता आले नाही, असा आक्षेप घेता येतो. परंतु आगरकरांची विचारसरणी नीट पाहिली तर येथे विसंगती नसून सुसंगतीच आढळते. त्यांच्या सर्व लेखनाचा मध्यबिंदू व्यक्तीचे स्वातंत्र्य हा होता. रूढीने व्यक्तीवर जुलूम करू नये, यासाठी ते झगडत होते. त्या काळच्या घरात नवऱ्याचा शब्द हीच मोठी रूढी होती. नवऱ्याने आज्ञा केली म्हणून पत्नीने पूजा सोडली असती, तर तीत बुद्धीचा विजय कोणता? सासऱ्याच्या धाकाने सोवळे पाळणे आणि नवऱ्याच्या धाकाने सोवळे सोडणे, या दोहोंत स्त्रीच्या विवेकाला सारखेच स्थान आहे. म्हणजे मुळीच नाही. ज्याने स्त्रियांच्या दास्याविरुद्ध लेखणी झिजवली, त्याला एका स्त्रीच्या मनावर नवी सत्ता गाजवणे अशक्यच होते.

दुसरेही एक कारण आहे, आणि ते अज्ञेयवादाच्या पोटातच आहे. ज्याला सत्य पूर्णपणे सापडले आहे असे वाटते, त्याला दुसऱ्याला त्या सत्याकडे ओढून नेण्याचा मोह होतो. धर्मवेड्यांनी केलेल्या जुलुमांच्या मुळाशी हाच मोह असतो, आणि कट्टर धर्मविरोधकही त्यातून सुटत नाही. अज्ञेयवाद्याने मात्र आरंभीच कबूल केलेले असते की, अंतिम प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ नाही. मग ज्याचे उत्तर आपल्याजवळ नाही, त्याविषयी दुसऱ्याच्या मनावर बळजबरी करण्याचा अधिकार त्याला कोठून येणार? या दृष्टीने पाहिले तर परश्रद्धेचा आदर हा अज्ञेयवादाला वरून जोडलेला शिष्टाचार नाही. 'ठाऊक नाही' हे शब्द प्रामाणिकपणे उच्चारणाऱ्यावर येऊन पडणारे ते कर्तव्य आहे.

तथापि या आदराला मर्यादा होती, आणि ती मर्यादा कोठे आखली हे सर्वांत महत्त्वाचे. यशोदाबाईंनी उपवास केला तर त्याचा भार त्यांच्या स्वतःच्या देहावर होता. त्यांनी तो आपखुशीने स्वीकारला होता. याउलट बालविधवेचे केशवपन धर्माच्या नावाने दुसऱ्याच्या देहावर केलेला बलात्कार होता. अजाण मुलीचे लग्न हा तिच्या संमतीवाचून तिच्या आयुष्याचा केलेला सौदा होता. येथे आगरकर श्रद्धेच्या सबबीला बधले नाहीत. १८९१ मध्ये संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्र दुभंगला, तेव्हा धर्मात सरकारचा हात नको या आक्षेपाला न जुमानता त्यांनी विधेयकाची बाजू उचलून धरली. स्वतःपुरती श्रद्धा आदरास पात्र. दुसऱ्यावर लादलेली श्रद्धा चिकित्सेस पात्र. आणि दुसऱ्याचा छळ करणारी श्रद्धा कायद्याच्या प्रतिबंधास पात्र, असा तिपेडी विवेक त्यांच्या आचरणातून निष्पन्न होतो. सुरतेच्या दुर्गारामांनी मंत्रिकांना आव्हान देताना जो भेद केला होता, त्याचेच हे प्रौढ रूप होय.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. आगरकरांनी यशोदाबाईंना श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले; पण आगरकरांच्या मतांपायी आलेली लोकनिंदा, दारिद्र्य आणि एकाकीपणा यांत त्यांचाही वाटा होता, आणि तो त्यांनी मागून घेतलेला नव्हता. ज्या समाजात सण-समारंभ हेच स्त्रीचे सामाजिक जीवन, तेथे बहिष्कृतप्राय माणसाची पत्नी म्हणून वावरणे काय असेल, याची कल्पना करावी. स्वतःची मते निराळी, तरी पतीच्या मतांची झळ तिने सोसली. मृत्यूपूर्वी आगरकरांनी स्वतःच्या अंत्यविधीसाठी थोडे पैसे पुडीत बांधून ठेवले होते, अशी आठवण चरित्रकार सांगतात. आपल्या प्रेताचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी ही तजवीज केली, असे त्यावरून सर्वजण म्हणतात. त्या पुडीकडे पाहताना पत्नीला काय वाटले असेल, हे कोणी विचारीत नाही. आदर हा एकतर्फी नव्हता. अश्रद्ध पतीने श्रद्धावान पत्नीचा जेवढा आदर केला, तेवढाच, किंबहुना अधिक, श्रद्धावान पत्नीने अश्रद्ध पतीचा केला.

जोतीरावांचे घर आणि गोखल्यांची प्रतिज्ञा

आगरकर आपल्या घरात जे आचरीत होते, त्याचे कल्पनाचित्र त्याच सुमारास पुण्यातील दुसऱ्या एका थोर पुरुषाने रेखाटले होते. महात्मा जोतीराव फुले यांचा 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. जोतीराव निर्मिकावर श्रद्धा ठेवणारे होते, म्हणजे अज्ञेयवादी नव्हते. परंतु या ग्रंथात त्यांनी असे एक कुटुंब कल्पिले आहे की, ज्यातील स्त्री स्वतः ग्रंथ वाचून बौद्ध होईल, तिचा पती बायबल वाचून ख्रिस्ती होईल, कन्या कुराण वाचून मुसलमान होईल, पुत्र सार्वजनिक सत्यधर्माचा स्वीकार करील, आणि तरीही सर्वजण एकमेकांचा द्वेष न करता एका घरात प्रेमाने नांदतील. या कल्पनेत एक बारकावा आहे. प्रत्येकाने आपला धर्म वाचून, समजून निवडावयाचा आहे. तो जन्माने गळ्यात पडलेला नाही. वाचन आणि विचार यांच्या स्वातंत्र्यावर उभारलेले घर दुभंगत नाही, असा जोतीरावांचा विश्वास होता. श्रद्धावान जोतीराव आणि अज्ञेयवादी आगरकर हे दोन भिन्न वाटांनी एकाच उंबरठ्याशी येऊन पोचले.

हाच भाव घराबाहेर सार्वजनिक जीवनात कसा आणावयाचा, याचे उदाहरण गोपाळ कृष्ण गोखले यांनी घालून दिले. ऐन तारुण्यात 'सुधारका'चा इंग्रजी भाग ते सांभाळीत; आगरकरांच्या सहवासाचा संस्कार त्यांच्यावर झालेला होता. १२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाज स्थापन केला. सर्व भारतीयांना बंधू मानून जात व पंथ यांचा भेद न करता सर्वांच्या उन्नतीसाठी झटण्याची प्रतिज्ञा समाजाच्या सभासदाला घ्यावी लागे. सभासदाची वैयक्तिक श्रद्धा काय असावी, याविषयी ती प्रतिज्ञा काही सांगत नाही. तो प्रश्न ज्याच्या त्याच्या अंतःकरणाचा मानून तिने फक्त दुसऱ्याशी वागण्याचा नियम घालून दिला.

पुढे स्वतंत्र भारताच्या संविधानाने तोच विवेक कायद्याच्या भाषेत मांडला. पंचविसाव्या अनुच्छेदात प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे व धर्माचरणाचे स्वातंत्र्य आहे. मात्र सार्वजनिक सुव्यवस्था, नीती व आरोग्य यांच्या मर्यादेत. सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्यात न मानण्याचे स्वातंत्र्यही येते. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत वैज्ञानिक दृष्टिकोनाचाही समावेश झाला. आदर व चिकित्सा ही दोन्ही एकाच नागरिकाची कर्तव्ये आहेत, असेच यातून सूचित होते.

अलीकडचा धडा

हा विवेक ग्रंथात लिहिणे सोपे, समाजात टिकवणे कठीण, याची साक्ष महाराष्ट्राला अलीकडेच मिळाली. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्य आरंभिले. समितीचा विरोध देवाला वा धर्माला नसून, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते गावोगाव समजावून सांगत. भोंदू मंत्रिकांना त्यांनी दिलेली आव्हाने ऐकणाऱ्याला १८४४ च्या सुरतेची आठवण यावी. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरावयास निघालेल्या दाभोलकरांची गोळ्या झाडून हत्या झाली. नरबळी, अघोरी प्रथा व जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा कायदा व्हावा यासाठी ते कित्येक वर्षे झटले होते. तो त्यांच्या मृत्यूनंतर, त्याच वर्षी अस्तित्वात आला.

आगरकरांच्या वाट्याला जिवंतपणी खोटी प्रेतयात्रा आली. दाभोलकरांच्या वाट्याला खरी आली. मधल्या सव्वाशे वर्षांत सहिष्णुता वाढली की घटली, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्याशी करावा. एक गोष्ट मात्र दोन्ही प्रसंगांतून सारखीच दिसते. अश्रद्ध माणसाने श्रद्धावानाचा आदर करावा, असे आपण सहज म्हणतो. श्रद्धावानानेही अश्रद्धाचा आदर करावा, हे म्हणण्यास मात्र अजून जीभ अडखळते. आगरकरांच्या घरात यशोदाबाईंनी ते केले होते. त्या घराचा आदर्श सांगावयाचा तर त्याचे दोन्ही खांब सांगितले पाहिजेत.

घर आणि ग्रंथालय

आता पुन्हा कडोदऱ्याच्या त्या घराकडे वळावे. श्रावणातील रविवार आहे, कानबाई बसलेली आहे, रोटांचा वास दरवळतो आहे, आई हात जोडून उभी आहे आणि मुलगा दारात घुटमळतो आहे. इतिहासाने त्याला काय सांगावे? आरतीला उभा राहा असेही नाही, राहू नकोस असेही नाही. परमहंस सभेचा इतिहास त्याला सांगेल की, नसलेली श्रद्धा आहे असे भासवून स्वतःला फसवू नये. आगरकरांचा इतिहास सांगेल की, आईच्या श्रद्धेची थट्टा करण्याइतके ज्ञान आपल्याजवळ नाही. दुर्गाराम आणि दाभोलकर सांगतील की, त्याच आईला कोणी भोंदू लुबाडू लागला तर मात्र गप्प बसू नये. आणि यशोदाबाईंचा इतिहास आईला सांगेल की, मुलाचे हात जोडलेले नसले तरी तो याच घरातला आहे. कानबाईचे रोट भाऊबंदांनी एकत्र बसून खावयाचे असतात. त्या पंगतीत त्याचेही पान असावे.

शतकभर चाललेल्या ग्रंथालयाच्या स्मरणग्रंथात या विषयाला स्थान मिळावे, हे औचित्याला धरूनच आहे. ग्रंथालयाच्या कपाटात ज्ञानेश्वरी असते, तुकोबांची गाथा असते, आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर आगरकरांचे निबंधही असतात. ग्रंथपाल कोणाच्या हाती कोणते पुस्तक द्यावे याचा धर्म पाहून निर्णय करीत नाही. गाथा नेणाऱ्याला तो हसत नाही आणि निबंध नेणाऱ्याला अडवीत नाही. जोतीरावांनी कल्पिलेल्या घरातील प्रत्येकाला आपला मार्ग निवडण्यासाठी आधी पुस्तक हाती पडावे लागते, आणि ते देणारी जागा ही. परदेशात, परप्रांतात, गिरण्यांच्या छायेत मराठी माणूस जेथे जेथे गेला, तेथे त्याने देवळाबरोबर वाचनालयही उभारले. देवळाने त्याच्या श्रद्धेची सोय केली आणि वाचनालयाने त्याच्या शंकेची. दोन्ही दारे उघडी राहतील तोपर्यंत कडोदऱ्याच्या त्या मुलाला दारात फार वेळ घुटमळावे लागणार नाही.